शिक्का तोच, शाई वेगळी
रबरी शिक्क्याने फूल उमटवलं, वर जलरंगाचा ब्रश फिरवला आणि काळी रेघ पसरून पाकळ्या मळकट झाल्या, तर दोष बहुधा शाईचा. डाय शाईतला रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो. तो कागदाच्या तंतूंत मुरतो आणि पाणी लागलं की बरेचदा पुन्हा सुटतो. पिगमेंट शाईत न विरघळणारे बारीक कण असतात. ते उजेडात कमी विटतात, पण ही शाई सावकाश वाळते. मला तर हा सावकाशपणाच फार आवडतो! ओल्या ठशावर एम्बॉसिंग पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकायची आणि हीट गन धरायची. खरखरीत पूड बघता बघता वितळून चकाकते आणि थंड झाल्यावर रेघेचा उठाव बोटाला लागतो. त्यावर जलरंग मुरतच नाही, ओघळून बाजूला होतो. काचेवर मात्र सॉल्व्हंट शाईच घ्यावी. तिथे मुरायला तंतू नसतात.