वसई : तटाआड विसावलेले बंदर

खास प्रतिनिधी

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या कुशीतून वाहणारी उल्हास नदी कल्याणच्या पुढे खाडीचे रूप घेते आणि तिचा मुख्य प्रवाह वसईपाशी अरबी समुद्राला मिळतो. याच मुखावर पोर्तुगिजांनी वसविलेले नगर आज 'वसईचा किल्ला' या नावाने ओळखले जाते. चिमाजी अप्पांच्या पराक्रमाची भूमी म्हणून तो सर्वांना ठाऊक आहे. मात्र तटाच्या आत सुमारे दोनशे वर्षे एक गजबजलेले बंदरशहर नांदत होते, याचा विसर पडतो. ते शहर ओस कसे पडले, हे समजून घेतल्याखेरीज तेथील भग्न भिंतींचा अर्थ लागत नाही.

उत्तरेची राजधानी

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ मधील तहान्वये वसई आणि तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगिजांना दिला. मुंबईची बेटेही त्यातच होती. गोव्यानंतर पोर्तुगिजांच्या उत्तरेकडील कारभाराचे हे मुख्य ठाणे ठरले. एक दरवाजा समुद्राकडे व दुसरा जमिनीकडे, सभोवती दगडी तट व बुरूज आणि आत सरळ रस्ते, सरदारांचे वाडे, न्यायालय, तुरुंग, रुग्णालय अशी त्याची रचना होती. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन व ऑगस्टिनियन या पंथांनी येथे आपापली चर्चे व मठ उभारले. सेंट जोसेफ चर्चचा उंच मनोरा आजही दुरून दिसतो.

लाकूड, दगड आणि जहाजबांधणी यांवर बंदराची भरभराट झाली. त्याची पोच किती दूरवर होती, हे गोन्सालो गार्सिया यांच्या जीवनावरून कळते. वसईत जन्मलेल्या या धर्मसेवकाला १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर चढविण्यात आले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

वरच्या अंगाला कल्याण-भिवंडी येथे छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ नंतर आरमार उभारण्यास आरंभ केला, तेव्हा त्या गलबतांना समुद्र गाठण्यासाठी हीच खाडी होती. खाडीच्या मुखाशी बसलेल्या पोर्तुगिजांना त्याची धास्ती वाटणे स्वाभाविकच होते.

उतरती कळा

वसईचा ऱ्हास एका लढाईने झाला, असे मानणे पुरेसे नाही. १६१८ च्या भीषण वादळाने शहराची मोठी हानी केली. १६६१ च्या विवाहकरारान्वये मुंबई इंग्रजांना देण्याचे ठरले आणि पुढे तेथील बंदराकडे व्यापार ओढला जाऊ लागला. कधीकाळी वसईच्या अमलाखाली असलेले बेटच तिचे प्रतिस्पर्धी झाले. त्यात साथीच्या रोगाची भर पडली. १६९५ मध्ये येथे आलेल्या इटालियन प्रवासी जेमेल्ली करेरी याला साथीमुळे शहराचा काही भाग निर्मनुष्य झालेला आढळला.

अशा खंगलेल्या शहराला १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वेढा घातला. दलदल व समुद्र यांनी वेढलेल्या तटाला सुरुंग लावून मराठ्यांनी खिंडार पाडले. दोन्ही बाजूंची मोठी प्राणहानी झाली आणि मे महिन्यात पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. त्यांना शस्त्रे व चीजवस्तूंसह सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले. सरदार घराणी निघून गेली आणि त्यांच्यावर अवलंबून असलेला शहराचा व्यवहारही संपला. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील व भीमाशंकर येथील घंटा या मोहिमेतील असल्याचे परंपरा सांगते.

वसई पुन्हा वसविण्याचा पेशव्यांनी प्रयत्न केला. तटाच्या आत नागेश्वर व वज्रेश्वरीची मंदिरे उभी राहिली. परंतु डिसेंबर १७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्ड याने किल्ला जिंकला. सालबाईच्या तहानंतर तो मराठ्यांकडे परत आला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तह केला आणि १८१८ मध्ये पेशवाईच संपुष्टात आली. पुढे कोटाच्या आत ऊस लावून साखर तयार करण्याचाही उद्योग झाला. ज्या रस्त्यांवरून पालख्या गेल्या, तेथे पिके डोलू लागली.

वारसा कोणाचा?

आज हे स्थळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. शेजारच्या किल्लाबंदर व पाचूबंदर येथील कोळीवस्ती अजूनही समुद्रावर जगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो फेरीसेवा सुरू झाल्याने खाडीवर पुन्हा वर्दळ दिसू लागली.

मराठ्यांच्या विजयाचे स्मारक, ख्रिस्ती समाजाचे श्रद्धास्थान आणि पोर्तुगीज नगररचनेचा नमुना अशी या जागेची तिहेरी ओळख आहे. त्यांपैकी एकीचाच अभिमान बाळगून उरलेल्या दोन विसरल्या, तर भिंती जपण्याची निकडही तेवढीच कमी वाटू लागते. चर्चच्या गिलाव्यावर नावे कोरणाऱ्याला तेथे कोणाचे तरी घर, कोणाचे तरी बंदर होते याची जाणीवच नसते. झाडांची मुळे दगड विलग करतात, पाऊस चुना धुऊन नेतो. त्यात माणसाच्या हाताची भर नको.

बुवापाड्यासारख्या भागातून वसई दूर नाही. अंबरनाथहून लोकलने दिवा आणि तेथून दिवा-वसई मार्गावरील गाडी, असा प्रवास करता येतो. किल्ल्यात गेल्यावर बुरुजांवरून समुद्र पाहून परतण्याऐवजी आतल्या रस्त्यांवरून सावकाश फिरावे. दरवाजा, चौक, चर्च, मंदिर या क्रमाने पाहिल्यास शहर डोळ्यांपुढे उभे राहते. आपल्या दारावरून वाहणाऱ्या नदीचे पाणी शेवटी कोणत्या इतिहासाला भिडते, हेही त्यातून उमगते.