कबाब शिजला की नाही? नजरेच्या जोडीला थर्मामीटर हवा

कबाब, टिक्का आणि तंदुरी कोंबडीचा धंदा आपल्या असंख्य बांधवांच्या हाती आहे. मुंबईच्या महंमद अली रोडवर रमजानच्या रात्री निखाऱ्यांवर शेकडो शिगा फिरत असतात. या धंद्याची इभ्रत एकाच गोष्टीवर टिकून आहे, ती म्हणजे माल आतपर्यंत बरोबर शिजला की नाही. कच्चा राहिला तर गिऱ्हाईक आजारी पडते. जास्त भाजला तर रस उडून माल कोरडा होतो, वजनही घटते. दोन्हीकडून नुकसान दुकानदाराचेच!

उस्तादांची पारख

जुने कारागीर हाताने आणि नजरेने पारख करतात. बोटाने दाबल्यावर कच्चे मांस लिबलिबीत लागते. शिजलेले घट्ट होते. खिमा आकसून शीग सोडू लागतो. कोंबडीची तंगडी सांध्यात सहज फिरते आणि टोचल्यावर स्वच्छ रस येतो. रानमध्ये सुया विनाअडथळा हाडापर्यंत जातो. चव आणि मऊपणा ओळखायला ही पारख हवीच.

रंग फसवतो

मात्र केवळ रंगावर विसंबणे धोक्याचे आहे. हळद-तिखटाच्या मसाल्यात मांसाचा मूळ रंग दिसतच नाही. धुरावर भाजलेले मांस पूर्ण शिजूनही कडेला गुलाबी राहू शकते. उलट खिमा पुरता शिजण्याआधीच तपकिरी दिसू शकतो.

खिम्याबाबत अधिक जपावे लागते. अखंड तुकड्यात जंतू बहुधा वरच्या बाजूला असतात आणि आच लागताच मरतात. मांस यंत्रातून काढताना मात्र तेच जंतू आत मिसळतात. १९९३ साली अमेरिकेत नीट न शिजलेल्या खिम्याच्या टिक्क्यांमुळे ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली.

हे आकडे ध्यानात ठेवा

अमेरिकेच्या कृषी खात्याने मांसाच्या आतील उष्णतेची पुढील मर्यादा सांगितली आहे : कोंबडी ७४ अंश सेल्सिअस, मटण-बीफचा खिमा ७१ अंश, मटणाचे अखंड तुकडे ६३ अंश व उतरवल्यावर किमान तीन मिनिटे विसावा. रान ६३ अंशाला खाण्यायोग्य होते, पण चिवट लागते. ती मऊ व्हायला मंद आचेवर ९० अंशांच्या आसपास न्यावी लागते.

मोजण्याची रीत

सुईचा डिजिटल थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो. सुई सर्वांत जाड भागात, मध्यापर्यंत खुपसावी. हाडाला किंवा शिगेला टेकू देऊ नये. लोखंडी शीग स्वतःच तापलेली असते, त्यामुळे आकडा चुकतो. सुई दर वेळी धुऊन-पुसून घ्यावी, नाहीतर कच्च्या मालाचे जंतू शिजलेल्या मालात जातात. काचेचा तापमापक मांसात कधीही खुपसू नये.

थर्मामीटर खरा आहे की नाही, हे घरीच तपासता येते. चुरलेल्या बर्फाच्या पाण्यात त्याने शून्य दाखवले पाहिजे. उकळत्या पाण्यात मुंबईला १०० आणि उंचावरील पुण्याला सुमारे ९८ अंश दिसतात.

गर्दीच्या वेळी

टिक्के अर्धवट भाजून बाजूला ठेवायचे आणि गिऱ्हाईक आले की पुन्हा निखाऱ्यावर धरायचे, ही सवय सोडावी. कोमट मांसात जंतू झपाट्याने वाढतात. माल एकदाच पुरता शिजवावा आणि ६० अंशांच्या वर गरम ठेवावा.

प्रत्येक शिगेवर सुई टोचण्याची गरज नाही. दर घाण्यातील सर्वांत जाड आणि निखाऱ्यापासून दूर असलेला एक नग तपासावा. तो कमी भरला तर सारा घाणा पुन्हा आचेवर ठेवून नंतर परत मोजावा. उस्ताद एका वेळी एकाच सिगडीजवळ असतो. इतर सिगड्यांवर नवखी पोरे उभी असतात. त्यांचा हात तयार व्हायला वर्षे लागतील. तोपर्यंत त्यांच्या हाती थर्मामीटर द्यावा आणि वरचे तीन आकडे भिंतीवर ठळक लिहून ठेवावेत.