माळवदाच्या जुन्या घराचा विस्तार : भार व बंध यांचा विचार

लातूर, धाराशिव व सोलापूर या जिल्ह्यांतील शेतकऱ्याचे जुने घर बहुधा माळवदाचे असते. काळ्या दगडाच्या जाड भिंती, आत लाकडी खांबांवर तुळया, त्यांवर कड्या व किलच, आणि या सर्वांवर पांढऱ्या मातीचा थर, अशी त्याची रचना होय. अशा घराला आजच्या राहणीस योग्य रूप द्यावयाचे झाल्यास प्रथम सुचते ते भिंती फोडून मोठ्या खिडक्या काढणे आणि जुन्या भिंतींवरच सिमेंट-काँक्रीटचा मजला चढविणे. या दोन्ही गोष्टींत घरातील माणसांच्या जिवाला धोका आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सात हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांतील बहुतेक अशाच घरांखाली गाडली गेली. त्यानंतर लोकांच्या मनात दगडाविषयीच भय बसले. वास्तविक दोष दगडाचा नव्हता. तो होता भिंतीच्या बांधणीचा आणि छपरावरील भाराचा.

माळवद गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती टाकण्याची रीत आहे. जुनी माती मात्र सहसा कोणी काढीत नाही. त्यामुळे पिढ्यानुपिढ्या थर वाढत जाऊन कोठे कोठे तो अर्ध्या मीटरच्याही वर जातो. एका घनमीटर मातीचे वजन १६०० किलो धरले, तर अर्ध्या मीटरच्या थराचा भार दर चौरस मीटरला ८०० किलो होतो. तीन मीटर रुंद व चार मीटर लांब खोलीत निजणाऱ्यांच्या डोक्यावर साडेनऊ टन माती असते, असा याचा अर्थ. थर २० सेंटिमीटरवर आणल्यास यांतील पावणेसहा टन उतरतात. माती कमी केल्याने उन्हाळ्यातील थंडावा काहीसा उणावतो खरा. पण ही किंमत मोजणेच शहाणपणाचे आहे. गळती थांबविण्यासाठी उरलेल्या मातीखाली प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरता येतो.

भिंतीचा दोष डोळ्यांना दिसत नाही. बाहेरची व आतली अशा दगडांच्या दोन फळ्या उभारून मधली पोकळी चिपा व चिखलाने भरलेली असते. दोहोंना सांधणारे आरपार दगड नसल्यास हादऱ्याने त्या एकमेकींपासून सुटतात. भारतीय मानक १३८२८ (१९९३) मध्ये असे दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला व आडवे १.२ मीटरहून कमी अंतरावर बसविण्यास सांगितले आहे. जुन्या भिंतीत ठिकठिकाणी दगड काढून आरपार भोक पाडावे व त्यात आकडे वळविलेली सळई ठेवून काँक्रीट भरावे. हाच बंध त्यामुळे साधतो. छपराखाली भिंतींना चहूकडून पट्टा आवळला आणि खांब व तुळई यांच्या कोनात तिरप्या लाकडी तीरा दिल्या, की चौकट एकजीव होते. हे काम गिलाव्यापूर्वीच उरकले पाहिजे. गिलावाही चुन्याचा असावा; सिमेंटच्या गिलाव्याखाली ओल कोंडते व चिखलाचा सांधा मऊ पडतो.

उजेडासाठी भिंतीला हात लावण्यापेक्षा माळवदातील जुने साणे मोठे करून त्यावर काच बसविणे बरे. कोपऱ्याजवळ तर खिडकी मुळीच काढू नये.

न्हाणीघर, शौचकूप व स्वयंपाकघराची मोरी ही पाण्याची कामे जुन्या घरात आणण्याचा मोह आवरावा. चिखलात बांधलेल्या भिंतीत नळ गळू लागला, तर कळेपर्यंत उशीर झालेला असतो. ही सर्व कामे नव्या भागात, परसाकडे असावीत. या भागाच्या भिंती व पाया स्वतंत्र हवेत. काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया मुरुमापर्यंत खाली न्यावा. जुनी भिंत आपल्या जागी कधीच बसलेली असते, नवी अजून बसावयाची असते. दोघींना एकत्र जखडल्यास सांध्यावर तडा जाणारच. त्याऐवजी मध्ये मोकळी फट ठेवावी आणि पाऊस आत येऊ नये म्हणून तिच्यावर पत्र्याची पट्टी झाकावी. ही पट्टी नव्या भिंतीलाच खिळवावी, म्हणजे दोन्ही भाग आपापल्या परीने हलू शकतील.