जहाज भाड्याने घेताना

कोकणातल्या आपल्या घराघरांतून जहाजावर नोकरी करणारा कोणीतरी निघतोच. मात्र जहाज भाड्याने ठरवून स्वतःचा माल परदेशी पाठविणारे व्यापारी आपल्यात थोडे. जे या धंद्यात उतरू पाहतात त्यांच्यासाठी आम्ही हा ढोबळ हिशेब मांडत आहोत.

दलाल सांगतो, "सत्तावन्न हजार टनी बल्क कॅरिअर, पाच होल्ड, तीस टनी चार क्रेन." नवख्याला वाटते, तेवढा माल मावणार. तसे नसते. या आकड्यात इंधन, पाणी व जहाजावरील सामानही धरलेले असते. ते वजा जाता मालासाठी सुमारे ५५,००० टन उरतात, आणि तेही माल जड असला तरच. अशा जहाजाच्या होल्डमध्ये साधारण ७१,००० घनमीटर जागा असते. सोयाबीनची पेंड टनामागे सुमारे १.६ घनमीटर जागा खाते; म्हणजे ४४,००० टनांतच होल्ड भरले! लोहखनिजाचे उलट. होल्ड निम्मेही भरत नाहीत आणि वजन पुरे होते. पेंडीसाठी जहाजाच्या टनांकडे पाहून ठोक भाडे कबूल करणारा व्यापारी न भरलेल्या जागेचेही पैसे मोजतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. पूर्ण भरलेले असे जहाज पावणेतेरा मीटरच्या आसपास बुडते. एका सेंटिमीटरमागे सुमारे ५७ टन. बंदरात खोली एक मीटर कमी पडली की ५,७०० टन माल धक्क्यावरच राहिला. म्हणून चढविण्याच्या व उतरविण्याच्या, दोन्ही बंदरांची खोली आधी लेखी मागवावी.

आधीच्या तीन फेऱ्यांत काय वाहिले तेही विचारावे. कोळशानंतर पेंड भरायची तर होल्ड धुऊन, वाळवून, सर्व्हेअरकडून पास करून घ्यावेत. हॅच कव्हरची अल्ट्रासॉनिक तपासणीही करावी. पाण्याचा फवारा मारून काम भागविणारे पुष्कळ आहेत.

भाडे स्वस्त म्हणून कागद न पाहणे, ही आमच्या मते सर्वांत महाग चूक. सप्टेंबर २००९ मध्ये पारादीपजवळ लोहखनिजाचा चुरा घेऊन 'ब्लॅक रोझ' बुडाले, तेव्हा त्याच्या विम्याचे कागद बनावट निघाले. त्याआधी जुलैत मंगळूरजवळ 'एशियन फॉरेस्ट' बुडाले होते; त्यातही चुराच होता. ओला चुरा हेलकाव्यांनी पातळ होतो व एका बाजूस सरकतो. तेव्हा क्लास सर्टिफिकेट व विमा देणाऱ्या क्लबचे नाव घ्यावे, आणि त्या क्लबकडे स्वतः चौकशी करावी. दलालाने पाठविलेल्या झेरॉक्सवर सही करू नये.