पोचा आलेला तांब्या

तांब्या रोज आपल्या हातात असतो. तोंड धुताना तोच, पाहुण्याला पाणी देताना तोच. आता डोळे मिटा आणि सांगा पाहू, पितळी तांब्याचा रंग कसा असतो? तुम्ही म्हणाल, "त्यात काय सांगायचं? पिवळा!" आम्हीही असेच म्हणत होतो. पाण्याच्या रंगांनी त्याचे चित्र काढायला बसलो, तेव्हा चूक कळली.

आमच्या घरी आईचा एक जुना तांब्या होता. त्याच्या पोटाला मोठा पोचा आला होता. तो मोडीत घालायचे ठरले. त्याआधी एकदा त्याचे चित्र काढावे, म्हणून आम्ही तो खिडकीपाशी पाटावर ठेवला.

हे पाण्याचे रंग म्हणजे काय? गेरू तुम्हाला ठाऊक आहे. तशीच निरनिराळ्या रंगांची बारीक पूड असते. ती डिंकात घोटून तिच्या वड्या करतात. हा डिंक बाभळीच्या जातीच्या झाडाचा. त्यामुळे रंग कागदाला धरून राहतो. वडीवर ओला कुंचला फिरवला की रंग सुटतो. पाणी जास्त झाले की फिका, कमी झाले की गडद.

हा रंग पातळ. त्याखालून कागद दिसतो. म्हणून चकाकी दाखवायला सहसा पांढरा रंग लावत नाहीत. तेवढा कागद कोरा सोडतात. आधी फिका रंग द्यायचा, तो वाळला की गडद.

या रंगांनी काय साधते पाहा. सावळाराम लक्ष्मण हळदणकर हे सावंतवाडीचे चित्रकार. त्यांनी १९४५-४६च्या सुमारास आपल्या मुलीच्या हातात दिवा देऊन तिचे चित्र काढले. ज्योतीपुढे तिने हात धरला आहे आणि उजेड बोटांतून झिरपतो आहे. हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळजण ते राजा रविवर्म्याचे समजतात. पण रविवर्मा तर १९०६ सालीच वारले!

आमचा पहिला कागद फुकट गेला. रंग वाळायला वेळच दिला नाही. तांब्याच्या जागी वरण सांडल्यासारखे दिसू लागले.

दुसऱ्या खेपेला आम्ही आधी नुसते बघत बसलो. तांब्या पिवळा होता, पण थोड्याच जागी. कडेला काळपट तपकिरी. खाली पाटाजवळ तांबूस. खिडकीच्या बाजूला आभाळाचा निळसर पट्टा आणि त्यात वाकडे झालेले गज. आई समोरून गेली, तर तिच्या लुगड्याची हिरवी रेघ तांब्याच्या गळ्यावरून सरकली. पाटावरची सावलीसुद्धा काळी नव्हती, जांभळट होती. आणि सगळ्यांत लखलखीत उजेड कुठे? पोच्याच्या काठावर! तिथे आम्ही तांदळाएवढा कागद कोरा ठेवला.

आई मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "अरे, तो खड्डा कशाला काढलास? चांगला गुळगुळीत काढायचा की."

"आहे तसा काढला," आम्ही म्हणालो.

ती जरा थांबली. मग म्हणाली, "विहिरीवर पडला तो. तू कडेवर होतास. माझा पाय निसटला. तुला धरलं आणि हा सुटला."

हे आम्हाला ठाऊकच नव्हते.

बाजाराच्या दिवशी मोडवाला दारात आला. आईने त्याला एक फुटकी परात दिली. तांब्या खिडकीपाशी पाटावरच होता.