भाड्याच्या खोलीत तुटलं-फुटलं तर पैसे कोणाचे?

तायांनो, मसाल्या-पापडासाठी तुमच्यातल्या काही गटांनी खोली भाड्याने घेतली आहे. खोली सोडताना मालक डिपॉझिट कापतो आणि आपण गप्प घरी येतो. ते डिपॉझिट सगळ्याजणींच्या बचतीतलं असतं, म्हणून हे वाचाच.

नुकसान कशाने झालं, ते आधी बघायचं. रंग उडाला, कडी झिजली, ही वापराची झीज. वादळात पत्रे उडाले, तो निसर्गाचा मार. करारात वेगळं लिहिलं नसेल, तर याचा भुर्दंड भाडेकरूवर नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम १०८ तसं सांगतं. पण कांडप मशीन ओढताना फरशी फुटली, तर ती आपण भरून द्यायची. पोतं टाकून झाकू नका! त्याच दिवशी मालकाला सांगा, फोटो दाखवा, गवंडी कोण आणणार ते ठरवा. आपण आणला तर पावती घ्या.

दुरुस्ती मालकाने करायची असं करारात आहे, कळवूनही तो वाजवी वेळेत करत नाही, तर आपण करून खर्च भाड्यातून वजा करता येतो. कळवायचं मात्र लेखी. तोंडी सांगितलेलं नंतर कोणाला आठवत नाही.

नवी खोली घेताना सामान आत न्यायच्या आधी भिंती, फरशी, नळ, बटणं यांचे फोटो काढा. आधीपासून तुटलेल्या वस्तूंची यादी करून त्यावर मालकाची आणि अध्यक्ष-सचिवांची सही घ्या. एक प्रत गटाच्या दप्तरात ठेवा.