एस्टोनियाच्या उंच वास्तू आणि त्यांच्यावरील ताबा

बाल्टिक समुद्राकाठचा एस्टोनिया हा सुमारे ४५ हजार चौरस किलोमीटरांचा आणि जेमतेम साडेतेरा लाख वस्तीचा देश इतका सपाट आहे की, त्याची सर्वोच्च टेकडी सूर मुनामॅगी समुद्रसपाटीपासून ३१८ मीटर उंच आहे, तर राजधानी टॅलिनमधील दूरचित्रवाणी मनोराच ३१४ मीटरांचा आहे. अशा भूमीवर उंच वास्तू ज्याच्या हाती, त्याची नजर आणि त्याचा आवाज दूरवर पोहोचतो. त्यामुळे या वास्तूंचा इतिहास मीटरांपेक्षा ताब्याच्या अंगाने वाचणे अधिक फलदायी ठरते.

जुन्या टॅलिनमधील ओलेविस्ते चर्च नॉर्वेचा संत-राजा ओलाफ याच्या नावाचे आहे. त्याचा निमुळता मनोरा आज सुमारे १२४ मीटर उंच असून, सोळाव्या शतकात तो १५९ मीटरांचा आणि जगात सर्वांत उंच होता, हा वारंवार केला जाणारा दावा मात्र संशोधकांना शंकास्पद वाटतो. वीज कोसळून १६२५ आणि १८२० मध्ये चर्चला मोठ्या आगी लागल्या, तरी दर वेळी मनोरा पुन्हा उभारला गेला. सोव्हिएत राजवटीत केजीबी या गुप्तहेर यंत्रणेने त्याचा उपयोग रेडिओ संदेशवहनासाठी आणि टेहळणीसाठी केला. १९७२ मध्ये उघडलेल्या टॅलिनमधील वीरू हॉटेलच्या तेविसाव्या मजल्यावरून याच यंत्रणेने परदेशी पाहुण्यांची संभाषणे ऐकली. हॉटेलची लिफ्ट मात्र बाविसाव्या मजल्यापर्यंतच जात असे. आता त्या तेविसाव्या मजल्यावर संग्रहालय आहे.

दूरचित्रवाणी मनोरा १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकसाठी बांधला गेला, कारण त्यातील शिडांच्या नौकांच्या शर्यती टॅलिनला होणार होत्या. ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत कट्टरपंथीयांनी सत्तापालटाचा प्रयत्न केला, २० ऑगस्टच्या रात्री एस्टोनियाने स्वातंत्र्य पुनःस्थापित झाल्याचे घोषित केले आणि दुसऱ्या दिवशी सोव्हिएत सैनिक प्रसारण तोडण्यासाठी या मनोऱ्यात शिरले. लिफ्टच्या दारात काड्यापेटी अडकवून ती बंद पाडण्यात आली आणि वरच्या मजल्यावर स्वतःला कोंडून घेतलेल्या मोजक्या एस्टोनियन रक्षकांनी, आग विझवण्यासाठी साठवलेला आणि बंदिस्त जागेत माणसाला गुदमरवणारा फ्रेऑन वायू सोडण्याची धमकी दिली. मॉस्कोतील कट फसला, सैनिक परतले आणि प्रसारण सुरू राहिले. मूठभर माणसांच्या या धैर्यापुढे मनोऱ्याची तांत्रिक भव्यता दुय्यम वाटते.

त्याआधीच, २४ फेब्रुवारी १९८९ रोजी, टॅलिनमधील टूम्पेआ टेकडीवरील 'पिक हर्मान' या अवघ्या साडेपंचेचाळीस मीटरांच्या मध्ययुगीन बुरुजावर सोव्हिएत झेंड्याच्या जागी निळा-काळा-पांढरा राष्ट्रध्वज चढला होता. स्वातंत्र्यानंतर उभ्या राहिलेल्या व्यापारी इमारतींत स्विसोटेल आणि टोर्निमॅए हे सुमारे ११७ मीटरांचे जुळे मनोरे सर्वांत उंच असून, ओलेविस्तेच्या टोकापेक्षा ते आजही बुटकेच आहेत.